नवाबाची न्याहारी

आधी वास आला. अनिताचा हात नाकाकडे गेला, ओढणीचं टोक नाकावर दाबलं गेलं, आणि मग करवंदीच्या जाळीमागून बादली घेऊन जो माणूस बाहेर आला तो आकाश निघाला, तिच्या धाकट्या चुलत्याचा मुलगा. दोघंही जागच्या जागी थांबले. आकाशनं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, तिच्या हाताकडे पाहिलं. तिनं ओढणी सोडली, पण सोडायला अंमळ उशीर झाला होता, आणि तो उशीर दोघांनाही दिसला. मग काहीच न घडल्यासारखा तो वाकला आणि बादलीतलं काळपट पाणी ओढ्याकाठच्या वाळूवर ओतू लागला, अंगणात सडा घालताना बायका घालतात तसं, कुठं थारोळं होऊ नये, कुठं कोरडं राहू नये अशा बेतानं.

"काय रे हे?"

"खेकडं," तो म्हणाला. "कुजवल्यालं. त्यात माशाची आतडी, मीठ, गोठ्यातलं मूत. पावनी यायच्या आत वतायचं, वरनं वाळू भुरभुरायची. दिसत न्हाई मग."

"कशाला पण?"

"फुलपाखरं येत्यात की, ताई. तुला ठावं न्हाई व्हय?"

तिला ठाऊक होतं. तळेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी मावळभर फुलपाखरं बघत हिंडणाऱ्या बाईला एवढं ठाऊक असतंच. फुलातल्या मधात क्षार नसतात, म्हणून नर ओल्या मातीवर, शेणामुतावर, मेलेल्या जनावरावर बसून ते शोषून घेतात. जाणकार याला चिखलपान म्हणतात. दोन वर्षांपूर्वी याच ओढ्याकाठी तिनं ते पाहिलं होतं. तेव्हा ही म्हशींची पाण्यात उतरायची वाट होती, खुरांनी तुडवलेली, सदा ओली, आणि त्या राडीत शेकड्यानं फुलपाखरं बसली होती. तिची चाहूल लागून ती एकदम उठली तेव्हा तिला आपण श्वास घ्यायचं विसरलोय हे कळलं होतं. घरी जाऊन तिनं एका बैठकीत लेख लिहिला. तो रविवारच्या पुरवणीत आला, गाजला, लोक बेडशाची लेणी बघायला येत ते लेणी सोडून ओढा विचारू लागले. मग शेजारच्या जमिनीचे मालक, स्वराज, पुण्यातली नोकरी सोडून गावी परतले आणि त्यांनी इथं पाहुण्यांसाठी दगडी खोल्या बांधल्या. फाटकावर सागवानी पाटी लावली. पाटीवर तिच्या लेखातलं वाक्य कोरलं, खाली तिचं नाव: ही फुलपाखरं कुणाच्या बोलावण्यावरून येत नाहीत. ती पाटी लागली त्या दिवशी तिनं पाटीचा फोटो काढून कोणाकोणाला पाठवला होता ते तिला आत्ता नको असताना आठवत होतं.

"मग पहिली फुलपाखरं कुठं गेली?" तिनं विचारलं.

"म्हशी बंद केल्या. फरशी घातली, लाल माती टाकली, बाकडी ठेवली. मंग काय, यायचीच थांबली." आकाश वाळू भुरभुरवत होता. "पावनी तर येनार. तवापासनं ही बादली."

"आणि हे सगळे आळीपाळीनं करता?"

त्याचा हात थांबला नाही. "न्हाई. मीच."

"पाच जण आहात ना रे कामाला?"

"त्यांना मळमळतंय म्हनं."

"तुला नाही मळमळत?"

ओढ्याच्या पाण्यात त्यानं हात बुडवले, दगडावर ठेवलेली साबणाची वडी घेऊन कोपरापर्यंत फेस काढला, धुतले, पुन्हा फेस काढला. "साहेब म्हनले, तुमच्याकडं ह्याची सवय असंल," तो म्हणाला. "हसत म्हनले. वाईट हेतूनं न्हाई." आणि त्यानं अर्ध्या भरलेल्या बादलीवर गोणपाट टाकून ती जाळीमागे सरकवली.

अनिताच्या घरात नाकाला हात लावायचा नाही असा नियम होता. इतरांच्या घरी तिन्हीसांजेला झोपू नये, उंबऱ्यावर बसू नये असले नियम असतात. यांच्याकडे हा एक होता आणि तो फार कडक होता. लहानपणी आबा, म्हणजे तिचे आजोबा सखाराम, तिला कामशेतच्या बाजाराला नेत. सुक्या मासळीच्या ओळीत शिरताना तिचा हात वर गेला की आबा तो हात आपल्या हातात धरायचे आणि ती ओळ संपेपर्यंत सोडायचे नाहीत. "घे आत," म्हणायचे. "वासानं कुनी मरत न्हाई." गटार असो, मेलेली घूस असो, आजारी माणसाचं अंथरूण असो, हात खाली. तिला वाटायचं म्हाताऱ्याचा काहीतरी विक्षिप्तपणा आहे. पुढं तिला न्हाण आल्यावर आजीनं, शकुबाईनं, शेंगा फोडता फोडता सगळं सांगितलं. छप्पन्नच्या दसऱ्याला आबा नागपूरला जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मेलेली ढोरं ओढायचा दोर चुलीत घालण्याचं. दोर जळता जळेना, पिढ्यांचं तेल आणि घाण मुरलेली, त्या धुरानं आजीचे डोळे दिवसभर चुरचुरले. मग थंडीत दत्तोबांचा बैल मेला. दत्तोबा गावातले मोठे खातेदार. सांगावा आला, आबा गेले नाहीत. पुन्हा आला, नाही गेले. तेव्हा दत्तोबांनी चार गडी लावून तो बैल ओढत ओढत वस्तीच्या तोंडाशी आणून टाकला, यांच्या दारासमोर. अनिताला लहानपणापासून या गोष्टीत एकच गोष्ट डाचायची: ज्यांना तो वस्तीपर्यंत ओढता आला त्यांना रानापर्यंत ओढायला काय झालं होतं. पण त्यांना बैल हलवायचा नव्हताच, त्यांना माणूस वाकवायचा होता. बैल फुगला. फुटला. आजीच्या अंगावरचं मूल दूध पिईना. येणारेजाणारे नाकाला उपरणं लावून, मान वळवून बघत जायचे, आणि आबा उंबऱ्यात बसून त्या बैलाकडे तोंड करून भाकरी खायचे. सावकाश, कांदा फोडून. वस्तीत त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं की नाकाला हात लावायचा नाही, हात वर गेला की त्यांना कळतं आपल्याला सहन होत नाही. आणि कोणी समजवायला आलं की एवढंच म्हणायचे: ज्याचा बैल त्यानं उचलावा. शेवटी दत्तोबांचेच मुलगे तोंडाला फडकी बांधून गाडी घेऊन आले.

स्वराज हे त्या दत्तोबांचे पणतू. त्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती याबद्दल अनिताला शंका नव्हती. ज्यांचा बैल असतो त्यांच्या घरी असल्या गोष्टी सांगत नाहीत. तिथं बहुतेक एवढंच सांगत असतील की पणजोबांकडे फार देखणी खिल्लारी जोडी होती.

दसरा नुकताच होऊन गेला होता. खाचरांत भात पिवळं पडायला लागलं होतं, बांधांवर सोनकी फुललेली होती, लेण्यांच्या डोंगरावरून ऊन एकेक टप्पा खाली येत होतं, आणि या सगळ्याचा अनिताला राग आला. असा राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. वर्गात मुलं गोंधळ करतात तेव्हा येतो तो राग बोलून संपतो. हा आत कुठंतरी कढत राहिला, दुधावर साय धरावी तसा वरून शांत. पाहुणे जमले. लोणावळ्याहून गाड्यांतून आले होते, पुण्यामुंबईचे, चांगल्या टोप्या, चांगल्या दुर्बिणी, वाटेत घेतलेली चिक्की एकमेकांना देत होते. नाचणीचं आंबील काचेच्या पेल्यांतून दिलं गेलं आणि कोणीतरी म्हणालं की आमची आजी करायची. स्वराजनी तिची ओळख करून दिली: अनिताताई आपल्या मातीतल्या आहेत, आज त्या आपल्याला फुलपाखरं बघून लिहायचं कसं ते शिकवणार आहेत. टाळ्या झाल्या. आपल्या मातीतल्या. कोणत्या मातीतल्या, तिला विचारावंसं वाटलं, लाल की काळ्या, आणि त्यात काय काय मिसळलंय. तिनं हसून नमस्कार केला. तो आपण केला याचा राग तिनं सगळ्यात वर ठेवला.

मग सगळे ओढ्यावर गेले आणि फुलपाखरं आली. न येऊन सांगतात कुणाला. आधी पिवळ्या पाकोळ्या, मग पट्ट्यापट्ट्यांची, मग एक मोठा नीलवंत, काळ्या मखमलीवर निळी झाक मारत, आणि सगळ्यांत शेवटी नवाब. नवाब खरोखरीच देखणा असतो, फिकट हिरवा, पंखांना शेपट्यांचे दोन दोन टोकदार काटे, आणि त्याला फुलांत काडीचाही रस नसतो. कुजका खेकडा हे त्याचं खरं पक्वान्न. तो बरोबर तिथं उतरला जिथं आकाशनं सकाळी बादली कलती केली होती. पाहुण्यांनी एकदम आवाज केला आणि मग एकमेकांना गप्प केलं. पुण्याच्या अनघाबाई, निवृत्त झालेल्या, मायाळू चेहऱ्याच्या, अनिताच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुमचं वाक्य मला पाठ आहे हं. कुणाच्या बोलावण्यावरून येत नाहीत. किती खरंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणीही खरं होतं, आणि तेच वाईट होतं. आता या बाईवर चिडायचं तरी कसं. वाळूखालून अधूनमधून हलका वास येत होता आणि एक गृहस्थ म्हणाले की जंगलाचा एक स्वतःचा गंध असतो. दोघांतिघांनी ते लिहून घेतलं. अनिता बोलत होती. बघा, घाई करू नका, आधी रंग लिहू नका, आधी हालचाल लिहा, हे ती बोलत होती आणि तिचा आवाज तिला वर्गाच्या दारापाशी उभं राहून ऐकल्यासारखा ऐकू येत होता. मागं फरशीवर आकाश पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन उभा होता. त्याच्या आणि दुसऱ्या मुलांच्या मध्ये एक हात जागा होती. ती जागा कोणी मुद्दाम ठेवली होती की तिलाच आज दिसत होती, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवता येईना याचाही संताप झाला.

लिहायला म्हणून सगळे झाडाखाली पांगले तेव्हा तिनं स्वराजना बाजूला घेतलं. पांढरा सदरा, पांढरे कॅनव्हासचे बूट, माणूस हसतमुख. वाईट माणूस नव्हता. आकाशच्या बापाच्या आजारपणात यानंच स्वतःची गाडी दिली होती. त्या गाडीची आठवण आत्ता मध्ये आली आणि तिच्या बोलण्यातली धार थोडी बोथट करून गेली, याबद्दल तिनं त्या गाडीलाही शिव्या दिल्या.

"बादली पाहिली मी सकाळी."

"अच्छा, ते." स्वराज थोडे ओशाळले. "ताई, सगळीकडे करतात असं. बाहेरच्या देशांत तर उघड करतात. आपण उलट निसर्गाला मदतच करतोय. फक्त तुमच्या पुढच्या लेखात तेवढं नको यायला. लोकांचा मूड जातो."

"आकाशच का?"

"म्हणजे?"

"पाच मुलं आहेत तुमच्याकडे. बादली आकाशकडेच का?"

ते खरोखर गोंधळले. त्यांनी कधी हा विचारच केलेला नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. "तो करतो ना," ते म्हणाले. "बाकीचे कुरकुर करतात. त्याची कधी तक्रार नाही. तुम्ही उगाच मनावर घेताय, ताई. आता असलं काही कुणी मानतं का?"

स्वयंपाकघराच्या मागं आकाश पेले विसळत होता. तिनं त्याला सांगितलं की उद्यापासून बादलीला हात लावायचा नाही. मोठ्या बहिणीच्या आवाजात सांगितलं. तो वळला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. तिच्यापेक्षा जास्त राग त्याच्या डोळ्यांत होता.

"आन् मंग काय करू? आंबीच्या कंपनीत कंत्राटावर होतो, सा महिनं झालं की घरी. हितं घरचं खाऊन कामाला येतो, सांच्याला आईपाशी असतो. तू आज बोलशील, टाळ्या घेशील अन् तळेगावला जाशील." त्यानं पेला उपडा घातला. "अन् तू काय येगळं करतीस? तुझी पाटी वाचून मानसं येत्यात. तू मानसांना बोलावतीस, मी पाखरांना. माझ्या बादलीचा वास येतो, एवढाच फरक."

"आबांनी काय केलं होतं विसरलास?"

"न्हाई इसरलो," तो हळू म्हणाला. "म्हनून तर तुला बघितलं तवा वाईट वाटलं. साहेबांचं न्हाई वाटलं येवढं. तू नाक धरलंस, ताई."

मीही दचकले, मला माहीत नव्हतं तू आहेस, असलं काहीबाही जिभेवर आलं आणि ते बोलायच्या आधीच तिला कळलं की तेच तर सगळ्यात वाईट आहे. आकाश आहे हे माहीत असतं तर हात खाली राहिला असता. दुसऱ्या कुणाच्या हातात बादली असती तर नाक धरूनच ती पुढं गेली असती आणि संध्याकाळी जंगलाच्या गंधावर दोन ओळी लिहिल्या असत्या. हे असं का झालं, कधी झालं. तळेगावच्या फ्लॅटमध्ये, जिथं ती कचऱ्याच्या डब्याला रोज सुगंधी पिशवी लावते तिथं, की त्याआधीच, पहिल्या निबंधाला बक्षीस मिळालं आणि परीक्षक म्हणाले किती प्रसन्न भाषा आहे मुलीची, तेव्हा. प्रसन्न. सगळा जन्म ती प्रसन्न लिहीत आली होती. उन्हाची तिरीप, पंखांची थरथर, ओल्या मातीचा सुवास. मातीत काय पडलंय ते सोडून तिनं मातीबद्दल सगळं लिहिलं होतं. आबा उंबऱ्यात बसून भाकरी खात होते आणि ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या सोनकीचं वर्णन करत होती.

ती करवंदीच्या जाळीपाशी गेली. गोणपाट काढलं. वास तोंडावर आला, आणि तिनं तो घेतला, आत, पार खालपर्यंत घेतला आणि पुन्हा घेतला. वासानं कुणी मरत नाही. बादलीची कडी बोटांना कापत होती. उतारावरून वर येताना पाणी हिंदकळून तिच्या सलवारीवर उडालं. वाटेत कामावरचा एक मुलगा भेटला, तो बाजूला झाला.

जेवणाचा मांडव खुला होता, खाली गुळगुळीत फरशी. पाहुणे ताटं घेऊन रांगेत उभे होते; पिठलं, भाकरी, ठेचा, सगळं झाकण काढून मांडलेलं. अनितानं बादली वाढपाच्या टेबलासमोर, फरशीच्या मधोमध ठेवली आणि जवळच्या खुर्चीत बसली. क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग एकेक हात वर गेला. रुमाल, टोप्या, बाह्या, अनघाबाईंचा पदर. ती बघत राहिली. इतके हात नाकावर बघून तिला वाटलं होतं बरं वाटेल, पण तसं काही वाटलं नाही.

"हे काय आहे?" कोणीतरी विचारलं.

"सकाळी तुम्ही पाहिलंत ते," ती म्हणाली. "वाळूखाली होतं. नवाबाची न्याहारी."

स्वराज लगबगीनं आले. हसायचा प्रयत्न करत, ताटं घेतलेल्या लोकांची माफी मागत, आणि मान वळवून त्यांनी ज्या सहजतेनं हाक मारली तिला तोड नव्हती. "आकाश. अरे, उचल बरं हे."

बाकीची चारही मुलं एकदम कामात गढून गेली. आकाश पाण्याचा जग घेऊन आला होता. तो बादलीपाशी आला, थांबला. त्यानं बादलीकडे पाहिलं, मग अनिताकडे, आणि त्या पाहण्यात अजूनही तोच राग होता. तो आता वाकेल असं तिला वाटलं. ही बादली तिनं इथं आणून ठेवली नसती तर त्याच्यावर अशा भरल्या मांडवात सगळ्यांच्या देखत वाकायची पाळी आली नसती. आबांनी स्वतःच्या दारात बसून हट्ट केला होता. तिनं दुसऱ्याच्या पोटावर बसून केला.

"मी न्हाई ठेवली ती हितं," आकाश म्हणाला, आणि पुढं जाऊन अनघाबाईंच्या पेल्यात पाणी ओतू लागला.

स्वराज अनितासमोर उभे राहिले. "ताई, काय चाललंय? आता हे कोण उचलणार?"

"ज्याचा बैल त्यानं उचलावा."

"कुठला बैल?"

"घरी विचारा," ती म्हणाली. "तुमच्या घरचाच आहे. मला घाई नाही, मी बसते इथं." आणि टेबलावरची एक भाकरी घेऊन तिनं मोडली, कांदा घेतला, आणि बादलीकडे तोंड करून खायला लागली. पहिला घास गिळवेना. तो ती चावत राहिली, चावत राहिली, आणि मग तिनं तो गिळला.

स्वराजनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. एका मुलाला नावानं हाक मारली, तो तव्यावर भाकरी जळतेय म्हणाला. अखेर त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला, वाकले आणि दोन बोटांनी कडी उचलली. बादली दोन बोटांनी उचलण्याइतकी हलकी नव्हती. ती कलली, आणि त्यातलं पाणी त्यांच्या पांढऱ्या बुटावर सांडलं. रुमाल सोडून त्यांनी दोन्ही हातांनी बादली सावरली आणि तसेच, तोंड फिरवून, बाहेर उन्हात निघाले. मांडवाच्या कडेला ते पोचतात न पोचतात तोच ओढ्याकडून काहीतरी हिरवट, वेगानं आलं, दोन गिरक्या घेतल्या आणि त्यांच्या बुटावर बसलं. पंख मिटले, उघडले. शेपट्यांचे काटे स्पष्ट दिसत होते.

"नवाब," अनघाबाई पदराआडून कुजबुजल्या.

"हलू नका," पाहुण्यांतलं कोणी म्हणालं. "स्वराज, प्लीज, हलू नका." ताटं खाली ठेवली गेली, फोन वर आले, लोक एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं नेम धरू लागले. आणि स्वराज तसेच उभे राहिले, कडी दोन्ही हातांत, बादली पोटाशी, नाक उघडं. त्यांना तो वास घेण्यावाचून इलाज नव्हता.

आकाशनं जग टेबलावर ठेवला. ताटांच्या चळतीतलं एक ताट उचललं, पिठलं वाढून घेतलं, दोन भाकऱ्या घेतल्या आणि अनितापासून एक खुर्ची सोडून बसला. तिच्याकडे बघितलं नाही. खाली मान घालून जेवत राहिला.